गोळी रोज घ्या, स्कॅनसाठी जमीन विकू नका

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय 47. तीन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, लाईट (रेडिएशन) झाली. आता टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. रोज एक, निदान पाच वर्षं घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. मोठं रुग्णालय आमच्या गावापासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. जायचं म्हटलं की दोघांचं भाडं, तिथलं राहणं आणि ह्यांची बुडालेली मजुरी. गोळी मी तिथल्याच दुकानातून आणते. आजारपणात गाय गेली, दागिने गेले. खेपा वाचाव्यात म्हणून आठ महिन्यांपासून मी गोळी एक दिवसाआड घेते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मागची तपासणीही चुकवली. आता एका तपासणी केंद्रातला माणूस ह्यांना म्हणाला, कॅन्सर होऊन गेलेल्यानं दरवर्षी सगळ्या अंगाचा पेट स्कॅन केलाच पाहिजे, नाहीतर आतल्या आत पसरलं तरी कळणार नाही. हे जमिनीचा तुकडा विकायला निघालेत. ऑपरेशनच्या बाजूचा हात संध्याकाळी सुजतो, पण मी अंगावर काढते. जमीन विकू द्यावी का? डॉक्टरांपुढे पैशाचं काढायची लाज वाटते. आणि मुलगी 22 वर्षांची आहे, तिचीही तपासणी करून घ्यावी का?

उत्तर: नमस्कार. दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्या थांबण्यासारख्या नाहीत. जमिनीचा व्यवहार थांबवा. तुम्हाला काही नवा त्रास होत नसेल तर या स्कॅनसाठी जमीन विकायची गरज नाही. आणि गोळी आजपासून पुन्हा रोज सुरू करा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एका दिवशी दोन घेऊ नका, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे रोज एकच. फक्त एवढं पाहा की मधल्या काळात पाळी थांबून पुन्हा अवेळी रक्त गेलंय का, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखतेय का. तसं असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि तो फोन उद्यावर टाकू नका.

आता सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. कर्करोग विभागात समाजसेविका म्हणून काम केलेली बाई आहे. इथे औषधाबद्दल जे सांगतेय ते तज्ज्ञांच्या प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना आणि अभ्यास यांच्या आधाराने. तुमच्या अंगाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, पण तो घेताना तुमची खरी परिस्थिती त्यांना माहीत हवी, आणि आज ती त्यांना माहीत नाही.

तुमचं पत्र वाचताना मनाला सगळ्यात लागलं ते हे, की काटकसर झाली ती जीव राखणाऱ्या गोळीत, आणि जमीन निघाली ती ज्याचा उपयोग नाही अशा तपासणीसाठी. तुम्हाला दोष देत नाही. इलाज संपला की माणसाच्या हातात फाईल देतात आणि ‘तीन महिन्यांनी या’ म्हणतात. यापुढच्या खर्चातला कुठला टाळला तर चालेल आणि कुठला प्राण गेला तरी टाळायचा नाही, हे कुणी बसून सांगत नाही. मग माणूस आपल्या परीनं कात्री लावतो. आणि कात्री नेहमी तिथेच लागते जिथे ती कुणाला दिसत नाही.

तुमच्या गोळीपासून सुरुवात करू. टॅमॉक्सिफेन 1970 च्या दशकापासून वापरात आहे. ज्या गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर (हार्मोनवर) वाढतात, त्यांच्या पेशींना ते संप्रेरक चिकटू न देणं हे तिचं काम. जगभरातल्या अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा गाठींच्या बायकांनी सुमारे पाच वर्षं ही गोळी घेतली, तर पहिल्या पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि पुढची धरून पंधरा वर्षांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. एका साध्या गोळीनं एवढं साधतं. कर्करोगाच्या औषधांत इतका पुरावा आणि इतका कमी खर्च एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतो.

एक दिवसाआड घेऊन हाच फायदा मिळतो असं तुमच्यासारख्या आजारात कुणी दाखवलेलं नाही. कमी मात्रेची एक चाचणी इटलीत झाली, पण ती गाठ अजून पसरणारी झालेली नव्हती अशा बायकांवर होती. तुमचा आजार त्या टप्प्याच्या पुढचा होता, म्हणून तो निकाल तुम्हाला लावता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्या किंवा अधूनमधून घेणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं.

हे वाचून घाबरू नका. टॅमॉक्सिफेन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्याची रक्तातली पातळी निम्मी व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. म्हणजे या आठ महिन्यांत तुमच्या अंगात औषध नव्हतंच असं झालेलं नाही, हवं तेवढं नव्हतं. डॉक्टरांना आठ महिन्यांचं खरं सांगितलंत तर ते पुढची वर्षं कशी मोजायची ते ठरवतील. काही बायकांना ही गोळी पाचऐवजी दहा वर्षं देतात, तेव्हा हा हिशेब त्यांच्याकडे असायलाच हवा. नाहीतर ते समजतील की औषध पूर्ण चालू आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्या समजुतीवर घेतील.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती मला फार मोलाची वाटली: गोळी तुम्ही तिथल्याच दुकानातून आणता. म्हणजे महाग पडतेय ती गोळी नाहीच, महाग पडतेय ती खेप! रात्रभराचा प्रवास, दोन माणसांचं भाडं आणि बुडालेली मजुरी, हे सगळं त्या पाकिटाच्या किमतीवर चढतं. या गोळीचं पेटंट कधीच संपलंय, अनेक कंपन्या ती बनवतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचं नाव आहे. तेव्हा डॉक्टरांकडे तीन महिन्यांची, जमलं तर सहा महिन्यांची चिठ्ठी मागा. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि किती मिलीग्रॅम ते लिहून मागा. मग तुमच्या जवळच्या औषध दुकानदाराला तेच औषध मागवता येईल. नाव वेगळं पण घटक तोच आणि मिलीग्रॅम तेवढेच असतील तर गोळी तीच. दुकानदार ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणून दुसरंच काही पुढे करू लागला, तर घेण्याआधी चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

आता तो पेट स्कॅन. त्या माणसाचं बोलणं खरं वाटतं, कारण ते भीतीला धरून आहे. ‘आत काही असेल तर आधीच कळलेलं बरं’ हे कुणालाही पटेल. डॉक्टरांनाही पूर्वी ते पटत होतं, म्हणूनच त्याची नीट परीक्षा झाली. इटलीत दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि 1994 मध्ये त्यांचे निकाल आले. एकीत 1,320 बायका होत्या, दुसरीत 1,243. इलाज संपलेल्या या बायकांचे दोन गट केले. एका गटाच्या नेमाने हाडांच्या स्कॅनसारख्या आणि छातीच्या एक्स-रेसारख्या जादा तपासण्या केल्या, दुसऱ्या गटाला फक्त डॉक्टरांनी हातानं तपासलं आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केली. पाच वर्षांनी पाहिलं तर जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे यजमानांनाही समजावता येईल. छातीत उरलेल्या भागात किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली आणि ती लहान असतानाच सापडली, तर ती पूर्ण बरी करता येते. ती पकडायला मॅमोग्राफी आहे. पण आजार हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात परतला असेल, तर तो त्रास सुरू होण्याआधी काही महिने सापडला म्हणून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. त्यावर जे उपचार आहेत ते त्रास सुरू झाल्यावर केले तरी तितकेच लागू पडतात. उलट स्कॅनमध्ये जुना संसर्ग, सांध्याची सूज, असंही काहीबाही चमकतं. मग ते काय आहे हे पाहायला आणखी एक स्कॅन, सुईनं तुकडा काढून तपासणी, पुन्हा खेपा, आणि अहवाल येईपर्यंत घरातल्या कुणालाही झोप नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्येच आपल्या डॉक्टरांना लिहून सांगितलं, की छातीच्या कर्करोगाचा पूर्ण इलाज झालेल्या आणि काही त्रास नसलेल्या बाईचे पेट, सीटी, हाडांचे स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर (कर्करोगाची खूण दाखवणारे घटक) नेहमीची तपासणी म्हणून करू नका. हे पैसे वाचवायला काढलेलं फर्मान नव्हतं. ज्याचा फायदा नाही ते करू नका, एवढाच त्याचा अर्थ.

यजमानांना हे सांगताना त्यांच्या मनाचाही विचार करा. जमीन विकायला निघालेला नवरा तुम्हाला गमवायला घाबरलेला आहे. त्यांना ‘नको’ म्हणालात तर ते म्हणतील, माझ्या पैशाचा विचार करू नकोस. म्हणून त्यांना सांगा की ही तपासणी स्वस्त असती, फुकट असती, तरीही डॉक्टर ती करायला सांगत नाहीत. आणि जमीन हासुद्धा तुमच्या तब्येतीचा आधार आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोग झालेल्यांचं दिवाळं निघण्याचं प्रमाण इतरांपेक्षा 2.65 पट होतं. त्याच संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की ज्यांचं दिवाळं निघालं त्या रुग्णांत मृत्यूही जास्त झाले. उद्या खरोखर गरजेचा खर्च उभा राहिला तर त्या वेळी हाताशी काहीतरी हवं.

मग करायचं काय काय, तर ते फार नाही. वर्षातून एकदा मॅमोग्राफी. एक बाजू पूर्ण काढलेली असेल तर उरलेल्या बाजूची. आणि डॉक्टरांकडून हातानं तपासणी: इलाजानंतरची पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यापुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. तुमची तीन वर्षं होत आली, म्हणजे खेपा तशाही कमी होण्याच्या बेतात आहेत. चुकलेली तपासणी मात्र या महिन्या-दोन महिन्यांत करून घ्या आणि मॅमोग्राफीची तारीख त्याच दिवशी मागा, म्हणजे एका खेपेत दोन्ही उरकतील.

नेमाच्या तपासणीची वाट न पाहता लगेच जायचं ते अशा वेळी: व्रणाशेजारी, काखेत किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ हाताला लागली, एखादं हाड आठवडे झाले तरी दुखायचं थांबत नाही, रात्री जास्त दुखतं, दम लागतो, खोकला हटत नाही, डोळे पिवळे दिसतात, वजन कारण नसताना उतरतंय, डोकं सतत दुखून उलट्या होतात. यातलं काही झालं आणि त्या वेळी डॉक्टरांनी स्कॅन सांगितला, तर तो स्कॅन गरजेचा आहे. तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका. तेव्हाच्या स्कॅनला कारण असेल. आजच्या स्कॅनला भीतीपलीकडे कारण नाही.

आता लाजेबद्दल लिहिते, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

रुग्णालयातल्या औषध दुकानाच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहिलं की सगळं कळतं. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं ‘औषध नीट चालू आहे ना?’ की माणूस ‘हो, हो’ म्हणतो. बाहेर येऊन खिडकीत चिठ्ठी सरकवतो आणि हळूच विचारतो, ‘निम्मीच दिली तर चालेल का?’ मागे रांगेत कुणी ओळखीचं नाही ना, हे आधी वळून बघतो. दुकानदार पट्टी कात्रीनं कापतो. त्या कात्रीचा आवाज आतल्या डॉक्टरांच्या कानापर्यंत कधीच जात नाही. ते पुढच्या वेळी अहवाल बघतात आणि औषध लागू पडत नाही असं समजून महागडं औषध लिहितात. असं होताना मी पाहिलंय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण एका वाक्यात ते टळलं असतं.

डॉक्टर रागावतील ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गर्दीत, घाईत एखादा आवाज चढवतोही. पण बोलण्याचा उपयोग होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत विमा असलेल्या 300 कर्करोग रुग्णांना विचारलं, तेव्हा 52 टक्के म्हणाले की खर्चाबद्दल डॉक्टरांशी बोलावंसं वाटतं. प्रत्यक्षात बोलले होते फक्त 19 टक्के. जे बोलले, त्यांतल्या 57 टक्क्यांचा खर्च त्यामुळे कमी झाला. निम्म्याहून जास्त लोकांचा, नुसत्या बोलण्यानं! हा अभ्यास 2015 चा आहे, आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तो वाचून दाखवावा असं मला वाटतं.

खेड्यातल्या माणसाला तर बोलणं जास्तच गरजेचं आहे. अमेरिकेतलाच 2013 चा दुसरा एक अभ्यास आहे. 65 वर्षांपुढचे, कर्करोगातून वाचलेले लोक घेतले. या वयात तिथे जवळजवळ सगळ्यांना सरकारी विमा असतो. तरीही शहरातल्यांच्या तुलनेत खेड्यातल्यांनी पैशापायी इलाज टाळण्याची शक्यता 66 टक्क्यांनी जास्त निघाली, दातांचा इलाज टाळण्याची 54 टक्क्यांनी. विम्याचं कार्ड हातात असून ही गत. विम्याच्या कागदावर प्रवास येत नाही, बुडालेली मजुरी येत नाही, सोबत आलेल्या माणसाचं राहणं येत नाही. शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे गोळीची किंमत असते, तुमच्यापुढे असतो त्या गोळीपर्यंतचा रस्ता. तो रस्ता तुम्ही दाखवल्याशिवाय त्यांना दिसणार नाही.

म्हणून आत जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या. तोंडातून शब्द फुटले नाहीत तर कागद पुढे करा. असं काहीतरी लिहा: ‘डॉक्टर, एका खेपेला आम्हाला दोघांचं भाडं, राहणं आणि इतक्या दिवसांची मजुरी एवढा खर्च येतो. तो झेपत नाही म्हणून मी आठ महिने गोळी एक दिवसाआड घेतली. आता पुन्हा रोज सुरू केली आहे. माझ्या तपासण्यांपैकी कोणत्या टाळता येणार नाहीत आणि कोणत्या गावाजवळ करता येतील, ते सांगा.’ यात रडणं नाही, हात पसरणं नाही. आणि शेवटच्या वाक्याला डॉक्टरांना सरळ उत्तर देता येतं. ‘पैसे नाहीत’ एवढंच म्हटलं तर ते बिचारे ‘बघू’ म्हणतात आणि गोष्ट तिथेच राहते.

त्याच खेपेत समाजसेवा विभागात जा. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत तो असतो, आणि बहुतेक लोक तिथे जातात ते सगळं विकून झाल्यावर. लवकर जा. मदत निधी असोत, सवलतीचा प्रवास असो, रुग्ण आणि सोबत्यासाठी राहण्याची सोय असो, या गोष्टी बहुधा खर्चाआधी अर्ज केला तरच मिळतात. होऊन गेलेल्या खर्चाची पावती घेऊन गेल्यावर फारसं काही हाती लागत नाही. इलाज चालू असतानाच मदत मिळते, आता तुमचा इलाज संपला, असं कुणी सांगितलं तर गप्प परत येऊ नका. गोळी चालू आहे म्हणजे इलाज चालू आहे. डॉक्टरांकडून तसं दोन ओळीत लिहून घ्या.

खेपा कमी करायचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो: तुमच्या जवळच्या डॉक्टरांना यात घ्या. कॅनडात 968 बायकांवर चाचणी झाली, 2006 मध्ये तिचे निकाल आले. छातीच्या कर्करोगाचा इलाज संपल्यावर निम्म्या जणी मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडेच जात राहिल्या, निम्म्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवलं. त्या डॉक्टरांना काय पाहायचं याची एका पानाची सूचना दिली होती. आजार उलटण्यात किंवा उलटल्यानंतर गंभीर गुंतागुंत होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. तेव्हा तुमच्या तज्ज्ञांकडे तसं एक पान मागा: कोणता आजार होता, काय काय इलाज झाला, कोणतं औषध किती वर्षं, कोणती तपासणी कधी, आणि काय झालं तर तातडीनं पाठवायचं. ते घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. मधल्या तपासण्या त्यांनी कराव्यात, शंका आली तर मोठ्या रुग्णालयात फोन करावा, आणि तुम्ही वर्षातून एखादी खेप करावी, अशी व्यवस्था दोघांनाही मान्य होते का ते विचारा. पुष्कळदा होते. एक काळजी घ्या. दुसरं कुठलंही औषध सुरू होत असेल तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन अशा काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. त्याऐवजी दुसरं औषध निवडता येतं.

हात अंगावर काढू नका. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे लाईट दिली की लसिकेची, म्हणजे अंगात झिरपणाऱ्या पाण्याची, वाट अडते आणि ते पाणी हातात साठू लागतं. तुमची सूज संध्याकाळी येते म्हणताय. सकाळी ती उतरते ना? मग ती बहुधा सुरुवातीची आहे, आणि आत्ताच हातात घेतली तर खर्च थोडा. शिकण्यासारखा मालिश, व्यायाम, पट्टी किंवा घट्ट बाही, आणि कातडीची निगा. एकदा हात कडक झाला की पुढे सगळंच जास्त लागतं. व्यायाम कुणा फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि मग घरी करा. ‘त्या हातानं काही उचलू नकोस’ असं तुम्हाला सांगितलं असेल, पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हात सुजलेल्या 141 बायका होत्या. त्यांतल्या ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, त्यांची सूज वाढली नाही, उलट अचानक त्रास उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. शेतातलं काम करताना त्या हाताला खरचटू देऊ नका, लांब बाही आणि हातमोजा घाला. आणि तो हात लाल, गरम झाला, ताप भरला, तर त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक सुरू करा. तो संसर्ग हातात फार वेगानं पसरतो, मोठ्या रुग्णालयाची वाट बघत बसायचं नाही.

राहिली मुलगी. तिच्यावर आज काहीही खर्च करू नका. 22 व्या वर्षी, काही त्रास नसताना, तिला मॅमोग्राफीचा उपयोग नाही, आणि पेट स्कॅनचा तर मुळीच नाही. तुमचा आजार पन्नाशीच्या आत निघाला, तेव्हा तो आनुवंशिक आहे का हा प्रश्न रास्त आहे. पण ती तपासणी आधी तुमच्या रक्ताची करतात. तुमच्यात तसा जनुकदोष सापडला तरच मुलीची तपासणी करायची की नाही हा विचार. तुमच्या आईला, मावशीला, आत्याला, बहिणीला छातीचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात, हे आठवून त्याच कागदाच्या मागे लिहा आणि डॉक्टरांना विचारा की जनुकतपासणी मला लागू आहे का. संशोधनातून किंवा मदत निधीतून ती होऊ शकते का, हेही त्याच वेळी विचारा. दोष निघाला नाही, तरी मुलीची मॅमोग्राफी साधारणपणे आईला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून सुरू करायला सांगतात, म्हणजे तुमचं वय तेव्हा 44 होतं तर तिच्या 34 च्या आसपास. तोवर तिला एवढंच शिकवा की काही वेगळं हाताला लागलं तर लपवायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं.